पहिल्यांदा सगळे जमाल तेव्हा

माणूस गेल्यानंतरचं पहिलं जमणं टाळू नकोस, पण ते नेहमीसारखंच व्हावं असा हट्टही नको. आई गेली त्या वर्षी कुणीतरी तिची खुर्ची आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवली. हेतू चांगला होता, पण सगळ्यांची नजर त्या मोकळ्या कोपऱ्यावर. शेवटी धाकट्या भाच्याने ती खरडत बाहेर आणली आणि खुशाल वर चढून बसला. तेव्हा कुठे बोलणी सुरू झाली.

तिकिटं काढणं, औषधांची पिशवी, कुणाला कधी फोन करायचा, ही गेलेल्या माणसाची कामं आधीच वाटून घे. नाहीतर प्रवासात नेमकं त्यावरूनच भांडण होतं. (आमचं स्टेशनवर झालं.)

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) कुणी ऐकवल्या तर मनावर घेऊ नकोस. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे.

आणि हो, फोनमधले गेलेल्या माणसाच्या आवाजातले मेसेज आजच दुसरीकडे उतरवून ठेव. ऐकायची घाई नाही.