पहिल्याच कामाला करार कशाला?

‘काम ओळखीतून आलंय, छोटंच आहे, करार मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, जम बसला की करार सुरू करू,’ असं फ्रीलान्सिंगला, म्हणजे स्वतंत्रपणे कामं घ्यायला, सुरुवात करताना तुम्ही म्हणता. मला उलटं वाटतं. ओळखीतल्या कामाला तर करार आधी हवा, कारण तिथे पैशांचा तगादा लावायला जीभ रेटत नाही.

कागद केला नाही म्हणजे अटी नाहीत, असं होत नाही. अटी असतातच, फक्त त्या तुम्ही ठरवलेल्या नसतात. हक्कांचंच बघा. १८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे बहुतेक देशांत कलाकृती तयार झाली की नोंदणीशिवाय कॉपीराइट मिळतो. पण कुणाला? अमेरिकेत लेखी काही ठरलं नसेल तर तो सहसा फ्रीलान्सरकडेच राहतो. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १७ मात्र पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक काम सांगणाऱ्यालाच मानतं, वेगळं काही ठरलं नसेल तर. तोच फोटो, दोघांनीही तेच मौन बाळगलेलं, आणि निकाल दोन टोकांचे. लेखनाचं आणखी वेगळं. भारतात फ्रीलान्स लेखकाचे हक्क त्याच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय क्लायंटकडे जातच नाहीत, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. पैसे दिले की सगळं आपलं, अशा समजुतीत असलेल्या क्लायंटला हे एकदा सांगून बघा. मग तोच करार मागेल.

तरी खरी कटकट कॉपीराइटवरून कमी आणि ‘जरा एवढं बदलून द्या’वरून जास्त होते. लोगो मंजूर होतो, मग भागीदाराला रंग खटकतो, मग त्याच पैशांत लेटरहेडही ‘बसवून’ हवं असतं. यातलं कुणीच लबाड नसतं. प्रत्येकाच्या डोक्यात काम वेगळं असतं, इतकंच. म्हणून काय देणार याबरोबर काय देणार नाही, हेही लिहा. रिव्हिजनच्या (बदलांच्या) फेऱ्या किती आणि एक फेरी म्हणजे काय (सगळ्या सूचना एकत्र आणि लेखी), पुढच्या फेरीचा दर काय, अंतिम होकार कोणत्या एका माणसाचा, हे स्पष्ट असू द्या. क्लायंट मध्येच गप्प झाला तर किती दिवसांनी काम मंजूर समजायचं, हे बहुतेक जण विसरतात, आणि शेवटचा हप्ता नेमका तिथेच अडकतो.

पैशांचं थोडक्यात: अॅडव्हान्स, हप्ते, तारखा, आणि काम अर्ध्यात रद्द झालं तर किती मिळणार. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या फ्रीलान्स कामाला लेखी करार कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. बाकी बहुतेक ठिकाणी हे तुमचं तुम्हालाच लिहून घ्यावं लागतं.

सुरुवातीला वकिली भाषेची गरज नाही. ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे तपशील पाठवतोय, वाचून होकार कळवा’ एवढा ईमेल आणि त्याला आलेलं उत्तर हाही चांगला पुरावा असतो. हक्क देण्याच्या कागदावर मात्र सही हवीच, आणि त्यात एक ओळ नक्की घाला: हक्क आणि सोर्स फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) पूर्ण पैसे जमा झाल्यावरच. यावर क्लायंट बिथरला, तर ते काम सुरू करण्याआधी कळलेलं बरं.