विंडोज ७ च्या मशीनवर आजचं ग्राफिक्स कार्ड चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीटीपीचं दुकान आहे, मशीनवर विंडोज ७ आहे, जुनं ग्राफिक्स कार्ड गेलं. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला जोडून ठेवायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं, म्हणून विंडोज बदलायची सोय नाही. दुकानदार म्हणतो, आता मिळणारं कुठलंच कार्ड विंडोज ७ वर चालणार नाही, सगळा संगणकच नवा घ्या. तर हे खरं का?

पूर्ण खरं नाही. एनव्हीडिया या कंपनीचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड विंडोज ७ वर नीट चालतं. ४०६० चालत नाही, आणि कुणी कितीही खटपट केली तरी चालणार नाही. ही रेघ नेमकी कुठून जाते हे एकदा समजलं की तुमचे पैसे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. छापखाने आणि डीटीपीवाल्यांची मशीनं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुमच्यासारखी अडचण घेऊन माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतंच.

कार्ड मदरबोर्डात बसेल की नाही, ही चिंता सोडा. कार्ड बसवायचा पीसीआय एक्स्प्रेस नावाचा स्लॉट इतकी वर्षं तोच आहे आणि नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये थोड्या कमी वेगानं का होईना, चालतं. खरा प्रश्न ड्रायव्हरचा असतो. विंडोज आणि कार्ड यांच्यात बोलणी करणारा हा प्रोग्राम कार्ड बनवणारी कंपनी लिहिते, आणि प्रत्येक विंडोजची बोलण्याची पद्धत वेगळी असते. एक्सपीची एक होती, व्हिस्टाला मायक्रोसॉफ्टनं ती पार बदलली, ७ ला थोडी सुधारली, १० ला पुन्हा मोठा बदल केला. कंपनीनं जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर लिहिणं थांबवलं की त्यानंतर जन्मलेली कार्डं त्या विंडोजला कायमची परकी.

एनव्हीडियानं विंडोज ७ साठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२१ पासून बंद केले. त्यानंतर सप्टेंबर २०२४ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. आरटीएक्स ३० मालिका २०२० च्या सप्टेंबरात यायला लागली, म्हणून ती रेघेच्या आत. ४० मालिका २०२२ च्या ऑक्टोबरात आली, म्हणून ती बाहेर. कार्डं बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिनं तर २०२१ च्या जूनपासूनच विंडोज ७ सोडलं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: आधी आपल्या विंडोजसाठीचा शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर शोधा, त्याच्या पानावर दिलेली कार्डांची यादी वाचा, आणि मग दुकानात जा. लोक नेमकं उलटं करतात. आधी कार्ड आणतात, मग ड्रायव्हर शोधत बसतात.

आता तुमच्या मशीनवर विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते पाहा. ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की दिसेल. डीटीपीच्या जुन्या मशीनवर ३२ बिट असायची शक्यता बरीच आहे, कारण जुन्या सॉफ्टवेअरचे काही इन्स्टॉलर १६ बिटचे असत आणि ते ६४ बिटवर उघडतच नाहीत. ३२ बिट असेल तर वरची ३०६० ची गोष्ट विसरा. एनव्हीडियाचा ३२ बिटचा शेवटचा मुख्य ड्रायव्हर २०१८ च्या मार्चमधला, ३९१.३५ क्रमांकाचा. त्यात १० मालिकेपर्यंतची कार्डं आहेत, म्हणजे जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय आणि त्यांची भावंडं. त्यानंतरचं जीटीएक्स १६५० सुद्धा नाही. हे न पाहता १६५० आणलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांनाही ते शेवटी विकावं लागलं.

६४ बिट असेल तर पुढचं वाचाच, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

माझ्या मावसभावाचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीकुंकवाची आमंत्रणं. ऐन लग्नसराईत त्याची हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही गेलं. नवी डिस्क घातली, जुन्या डीव्हीडीवरून विंडोज ७ नव्यानं टाकलं, जीटीएक्स १६५० बसवलं, ड्रायव्हर चढवला. इन्स्टॉलरनं ‘पूर्ण झालं’ म्हणून सांगितलं. रीस्टार्ट केलं तरी स्क्रीन तशीच, अक्षरं मोठी आणि फाटलेली. त्याचा मॉनिटर रुंद आहे आणि विंडोज त्यावर १०२४ बाय ७६८ चं चित्र ताणून दाखवत होतं, त्यामुळे पत्रिकेवरचा गणपती आडवा पसरला होता. अशा स्क्रीनवर मांडणी कशी करणार? गोल कमळ गोल आहे की लांबट, तेच कळत नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण. त्यावर डबल क्लिक केल्यावर खाली ओळ: या ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पडताळता येत नाही, कोड ५२. भावाला वाटलं कार्डच खराब आहे, परत करायला निघाला होता.

कार्ड ठणठणीत होतं. प्रत्येक ड्रायव्हरवर कंपनीची आणि मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, आणि ६४ बिट विंडोज ती तपासल्याशिवाय ड्रायव्हरला आत घेत नाही. पूर्वी या सह्या एसएचए-१ नावाच्या पद्धतीनं होत. ती पद्धत कमकुवत ठरली म्हणून सगळे एसएचए-२ वर गेले. डीव्हीडीवरचं विंडोज ७ त्याच्या आधीचं, त्याला नवी सही वाचताच येत नाही. नवा ड्रायव्हर त्याच्यासमोर आला की ते म्हणतं, ही सही मी ओळखत नाही.

यावर उपाय मायक्रोसॉफ्टनंच २०१९ मध्ये दिला आहे, दोन छोटे अपडेट. आधी सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा एकत्रित अपडेट) हवा, तो नसेल तर पुढचं काहीच होत नाही. मग केबी ४४९०६२८, रीस्टार्ट, मग केबी ४४७४४१९, पुन्हा रीस्टार्ट. क्रम उलटा करू नका. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर मिळतात, पण नव्यानं टाकलेल्या विंडोज ७ मधलं इंटरनेट एक्सप्लोरर ८ इतकं जुनं आहे की ते पानच नीट उघडत नाही. दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनं आणा, म्हणजे डोकेदुखी नाही.

आम्ही ते दोन्ही चढवले, आधीचा ड्रायव्हर काढून टाकला आणि पुन्हा बसवला. या वेळी बसवता बसवता मध्येच स्क्रीन दोन सेकंद काळी झाली. हे काळं होणं चांगलं लक्षण आहे, घाबरू नका, ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतोय. स्क्रीन परत आली तेव्हा मॉनिटर पूर्ण रुंदीवर होता आणि गणपती आपल्या मापात बसला होता. भावानं त्याच रात्री अडकलेल्या तीन पत्रिका संपवल्या.

एनव्हीडियाच्या साइटवर ड्रायव्हर निवडताना विंडोज ७ ची वेगळी फाइल घ्या. क्रमांक ४७४ किंवा ४७५ नं सुरू होणारे ड्रायव्हर या शेवटच्या मालिकेतले. विंडोज १० ची फाइल ७ वर चालत नाही. बसवताना ‘कस्टम’ निवडून फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, बाकीची खोगीरभरती नको.

आणखी एक जागा अशी, की जिथे दोष कार्डाचा नसतो पण शिव्या कार्डाला पडतात. तुमचा बोर्ड जुना असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण कुणी नव्या बोर्डावर विंडोज ७ चालवत असेल तर ‘स्टार्टिंग विंडोज’ लिहिलेल्या पडद्यावर चार रंगांचे ठिपके फिरत एकत्र येतात, तिथेच मशीन गोठतं. विंडोज ७ ला सुरू होताना जुन्या बायॉसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रामची) चित्र दाखवण्याची सेवा लागते, आणि नवे बोर्ड त्याच्या जागी आलेल्या शुद्ध यूईएफआयवर चालताना ती देत नाहीत. बोर्डाच्या सेटिंगमध्ये सीएसएम नावाचा (जुन्या बायॉससारखं वागण्याचा) पर्याय असेल तर तो चालू केला की बहुतेक वेळा मार्ग मोकळा होतो. इंटेलच्या प्रोसेसरांत ११ व्या पिढीपासून अंगभूत ग्राफिक्ससाठी ही जुनी सोयच काढून टाकली आहे, त्यामुळे तिथे वेगळं कार्ड घालावंच लागतं.

नेटवर तुम्हाला ‘आयएनएफ बदला आणि कुठलंही कार्ड चालवा’ असे व्हिडिओ दिसतील. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ड्रायव्हरसोबत आयएनएफ नावाची साधी मजकुराची फाइल येते. तिच्यात कुठली कार्डं ओळखायची त्याची यादी असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज असं गेलात की तुमच्या कार्डाची ओळख दिसते. त्यात ‘व्हेन’च्या पुढे १०डीई असेल तर कार्ड एनव्हीडियाचं, १००२ असेल तर एएमडीचं. ‘डेव्ह’च्या पुढची चार अक्षरं म्हणजे नेमकं मॉडेल. विंडोज एक्सपीवर अधिकृतपणे चालणारं शेवटचं मोठं कार्ड जीटीएक्स ९६०, त्याचा कोड १४०१. ९७० चा कोड १३सी२, तो यादीत नाही. पण नोटपॅडमध्ये ९६० ची ओळ नक्कल करून तिथे १३सी२ लिहिलं तर एक्सपीवर ९७० सुरू होतं. एक्सपीवरच्या एका जुन्या कटिंग प्लॉटरच्या मशीनसाठी मी हे स्वतः केलं आहे.

ते का चाललं? ९६० आणि ९७० एकाच घरातली, दोन्ही मॅक्सवेल पिढीची. ड्रायव्हरला ९७० शी बोलता येतच होतं, फक्त रेशनकार्डावर नाव चढवायचं राहिलं होतं. ४०६० चं तसं नाही. त्याची पिढी वेगळी, आतली रचना वेगळी, आणि विंडोज ७ च्या ड्रायव्हरमध्ये तिच्याशी बोलणारा कोडच लिहिलेला नाही. यादीत नाव घालून काय उपयोग? शिवाय ६४ बिटवर आयएनएफचं एक अक्षर बदललं तरी सही मोडते. मग एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करणं किंवा मशीन चाचणीच्या अवस्थेत (टेस्ट मोड) ठेवणं असे उपाय सांगितले जातात. ज्या मशीनवर पोट आहे तिथे हे करू नका. आणि कुणी तयार ‘बदललेला ड्रायव्हर’ देत असेल तर तो अजिबात घेऊ नका. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, अनोळखी माणसाच्या फाइलला तिथे जागा देणं म्हणजे दुकानाची किल्ली देणं.

मग तुम्ही कुठलं घ्यावं? डीटीपीसाठी ३०६० ची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पेजमेकर किंवा जुनं कोरलड्रॉ ग्राफिक्स कार्डावर फारसा भार टाकत नाही. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सांगते. तुमच्या जुन्या कॅबिनेटमधला सप्लाय तेवढा असेल असं मला वाटत नाही. १६५० चं काम ७५ वॅटमध्ये भागतं आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायरही लागत नाही. ६४ बिट असेल तर १६५०, ३२ बिट असेल तर जीटी १०३०, सेकंड हँड मिळालं तरी चालेल. पण घेताना मागची बाजू पाहा. १० मालिकेपासून एनव्हीडियाच्या कार्डांतून जुना ॲनालॉग सिग्नल बाहेर पडत नाही. तुमचा मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरचा असेल तर डीव्हीआय ते व्हीजीएचा पन्नास-शंभर रुपयांचा साधा ॲडाप्टर चालणार नाही, आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागेल. यापायी ‘कार्ड डेड आहे’ म्हणून परत आणलेली चांगली कार्डं मी पाहिली आहेत.

एक काळजीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. विंडोज ७ ला सर्वांसाठीची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, पैसे भरून मिळणारीही जानेवारी २०२३ ला संपली. क्रोम १०९ व्या आवृत्तीवर अडकलं आहे. म्हणून त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडा आणि पेनड्राइव्ह तपासून मगच इकडे आणा. फॉन्ट, जुन्या फायली आणि डोंगलचं सॉफ्टवेअर यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आजच करा. कार्ड परत मिळतं, वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली मिळत नाहीत.

डोंगल यूएसबीचा असेल तर आणखी एक वाट आहे: नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेला संगणकाच्या आतला संगणक) करून त्यात विंडोज ७ टाकायचं आणि डोंगल आत जोडून द्यायचा. असं केलं की आतल्या विंडोजला खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर लागतच नाही आणि आजचं कुठलंही कार्ड घेता येतं. सगळे डोंगल असे चालतात असं नाही, त्यामुळे खर्च करण्याआधी कुणाच्या तरी संगणकावर करून पाहा. प्रिंटरच्या रुंद पोर्टवर बसणारा जुना डोंगल असेल तर ही वाट जवळजवळ बंदच समजा.

तुमचं विंडोज किती बिटचं, पॉवर सप्लायवरच्या स्टिकरवर किती वॅट लिहिलेत, मॉनिटरची वायर कुठली आणि डोंगल कुठल्या पोर्टचा, एवढं खाली लिहा. त्यावरून नेमकं मॉडेल सांगतो. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.