आधी हवा काढून बघ

प्रिय मित्रा,

परवा रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेला ३५ इंची मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा टायर, आणि खाली तुझ्या थारबद्दलचा प्रश्न: "काका, बसतील ना?" मी लगेच उत्तर दिलं नाही. बसतात. गाडी उचलून घेणारं लिफ्ट किट घालून, मडगार्डाची आतली कड कापून, रिम बदलून बसवतात, आणि बसवून देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. पण मला बोलायचंय ते त्याच्या पलीकडचं आहे, म्हणून निवांत लिहायला घेतलं.

तू थार घेतलीस तेव्हा तिला कंपनीचे २५५/६५ आर १८ होते, म्हणजे व्यास जवळपास ३१ इंच. त्यावर कच्च्या वाटांवरचे जेमतेम दोन ट्रेल झाले आणि ३२ चे ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांवर चालणारे टायर आले. ते मीच सुचवले होते, आणि आजही तेच सुचवीन. गेल्या दिवाळीत ३३ आले, आता ३५. प्रत्येक वेळी तू कुठेतरी अडकलास आणि प्रत्येक वेळी खापर टायरवर फुटलं. या वेळचा तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला, थांबवून थांबवून.

वेल्ह्याजवळचा ओढा. पाणी घोट्याएवढं, आणि मधोमध घागरीएवढा काळा गोटा. तू तो दोन चाकांच्या मध्ये घेतलास. पुढची चाकं निघून गेली, कारण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मध्ये जागा असते. मागचा एक्सेल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, मात्र अखंड. त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, फुगीर गोळा बरोबर त्या दगडावर जाऊन बसला, मागच्या चाकांवरचं वजन उतरलं आणि ती नुसती गरगर फिरत राहिली. तोच गोटा डाव्या टायरखाली घेतला असतास, तर टायर त्यावर चढला असता आणि त्याच्याबरोबर एक्सेलही उचलला गेला असता. दगड पोटाखाली घ्यायचा नाही, पायाखाली घ्यायचा, हा आमच्या वेळी पहिल्या दिवशीचा धडा होता. ३१ इंचांवरही गाडी तिथून निघाली असती.

आता हिशेब कर. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की जमिनीपासून एक्सेल वर जातो एकच इंच, कारण अर्धी वाढ एक्सेलच्या खाली असते आणि अर्धी वर. ३३ वरून ३५ वर गेलास तर अडीच सेंटिमीटर मिळाले. तुझ्या व्हिडिओत तो गोटा डिफरन्शियलपेक्षा चार बोटं तरी वर आहे. म्हणजे ३५ वरही तू तिथेच बसला असतास. ३७ वरही.

लिफ्ट किटबद्दलही तुझा गैरसमज दिसतोय. त्यानं बॉडी वर जाते, मागचा एक्सेल जिथल्या तिथंच राहतो. तो वर न्यायला खरोखर टायरच मोठा लागतो, एवढं टायरच्या बाजूनं मोकळेपणानं कबूल करतो. उनिमॉग या जर्मन ट्रकनं दुसरी वाट काढली: चाकाच्या आतच गिअर बसवले, एक्सेल चाकाच्या मध्यापेक्षा वर नेला, आणि टायर अवाढव्य न करता पोटाखालची जागा मिळवली. उंची हवी होती, तर तिच्यासाठी अख्खी गाडी वेगळी आखली. तू फक्त एक भाग बदलतोयस, आणि बाकीचे सगळे भाग ३१ इंचांचा हिशेब धरून बनलेले आहेत.

३१ वरून ३५ म्हणजे व्यासात सुमारे १३ टक्के वाढ. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ९० च्या आसपास पळत असेल. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, म्हणजे चढावर इंजिन घुसमटतं आणि उतारावर त्याची पकड कमी पडते. फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सर्वांत सावकाश गिअरमध्ये, गाडी जेवढी सावकाश रांगायची, तेवढी आता रांगत नाही, आणि दगडांत तर आपल्याला रांगायचंच असतं. ३५ चा मड टायर रिमसकट ४० किलोच्या पुढे जातो. ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, फिरणारं असतं, आणि मध्यापासून लांब असतं. ते थांबवायचं काम ब्रेकच्या त्याच जुन्या डिस्कना आणि मागच्या ड्रमना करायचं आहे. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड यांच्यावर रोज थोडा थोडा जास्तीचा भार येतो. लिफ्टमुळे पुढच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट तिरपे चालतात, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की नेमका तिथला जॉइंट तुटतो. मग तू मजबूत शाफ्ट शोधशील, आणि ते बसले की त्याच्या पुढचा भाग जाईल.

हे मी वाचून सांगत नाही. २००६ च्या पावसाळ्यात माझ्या जुन्या जीपला मी ७५०-१६ चढवले होते. मूळचे ६००-१६, अरुंद, आजच्या मुलांना सायकलचे वाटतील असे. ७५०-१६ हे छोट्या मालट्रकचं माप, व्यासात तीन-एक इंचांनी मोठं. जीप अशी उभी राहायची की चौकात लोक वळून बघायचे. मला ते आवडायचं, खूप आवडायचं. म्हणून तुझ्या फोटोमागची ओढ मला चांगली कळते.

भोरहून महाडला निघालो होतो. मागे दोघं मित्र, दोर, जॅक, पावसाचे कपडे. वरंध घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीसारखी धरेना. मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलो. चार-पाच वळणांनी तो वास आला, ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा, नाकात जाऊन बसतो तो. पुढच्या वळणावर पेडल अर्ध्यापर्यंत गेलं, त्याच्या पुढच्या वळणावर फळीला टेकलं. उजवीकडे दरी धुक्यात होती. मी डावीकडच्या गटारात गाडी घातली, डोंगराला घासत. पुढचं चाक दगडात अडकून गाडी थांबली. मागे बसलेल्या मित्राचं मनगट मोडलं.

दोन-तीन मिनिटांत त्याच वळणावरून खालून एसटी वर आली. माणसांनी भरलेली. ड्रायव्हर उतरले, आमची विचारपूस केली, मग वाकून माझ्या ड्रमजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. टायरकडे बघून एवढंच म्हणाले, "हे या गाडीचे टायर नाहीत." त्या मित्राला पावसाळ्यात अजून मनगटात कळ येते. त्यानं मला आजवर एका शब्दानं बोल लावलेला नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागतं.

तू म्हणशील, परदेशात तर कंपन्याच ३५ देतात. देतात ना, पण त्याबरोबर काय काय बदलतात तेही बघ. जीपनं रँग्लरला कारखान्यातून ३५ इंची टायरचं पॅकेज दिलं, तेव्हा लांब झालेले गिअर भरून काढायला एक्सेलचं गिअर गुणोत्तर ४.५६ केलं, सस्पेन्शन दीड इंच उचललं आणि मागच्या दाराचे बिजागर मजबूत केले, कारण स्टेपनी तिथे टांगलेली असते. फोर्डनं ब्रॉन्कोच्या ३५ इंची पॅकेजला ४.७ चं गुणोत्तर, दोन्ही एक्सेलना लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे) आणि धक्के शोषणारे वेगळे डॅम्पर दिले. ते चार टायर विकत नाहीत, टायरभोवती पुन्हा जुळवलेली गाडी विकतात.

स्टेपनीचा तू विचार केला आहेस का? मागच्या दारावर ३५ टांगलास तर बिजागर कुरकुरायला लागेल. जुना ३१ च ठेवलास, तर भर जंगलात पंक्चर झाल्यावर एका बाजूला ३१ आणि दुसऱ्या बाजूला ३५ लावून फोर व्हील ड्राइव्ह चालवणार का? डिफरन्शियलचे दात बोलतील. आणि एकट्यानं, पावसात, चिखलात, ४० किलोचं चाक बोल्टांवर उचलून धरून बघ एकदा.

मोठा टायर जिथे खरंच लागतो, तिथे तो लागतोच. आइसलँडमध्ये आर्क्टिक ट्रक्सचे लोक ३८ आणि ४४ इंची टायर वापरतात, हवा पार दोन-तीन पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरवतात आणि बर्फावर तरंगत जातात. २००७ साली त्यांनी तयार केलेली टोयोटा हायलक्स चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागेपर्यंत गेली. तिथे खाली कित्येक फूट मऊ बर्फ असतो, टायर रुतला तर तळ लागत नाही. आपल्या सह्याद्रीत वीतभर तांबड्या मातीखाली मुरूम नाहीतर कातळ असतो. इथे टायरनं चिखल कापून खालच्या कठीण जमिनीला पकडायचं असतं, आणि ते काम अरुंद टायर उत्तम करतो. ते ६००-१६ वाले जुने जीपगाडे आमच्या मावळात भर पावसात कुठे कुठे जायचे ते तुझ्या आजोबांच्या पिढीला विचार. देशावरच्या काळ्या चिकणीत तर रुंद टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या ओढ्यात उतरताना तुझ्या टायरमध्ये हवा किती होती? मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "नेहमीचीच, ३२." म्हणजे तू आजवर कुठल्याच टायरची खरी पकड बघितलेली नाहीस. ३१ चीही नाही, ३३ चीही नाही.

मी एकदा अंगणातल्या शहाबादी फरशीवर टायरला ओला चुना फासून ठसा घेतला होता. ३२ पीएसआयला ठसा वीतभर लांब. व्हॉल्व्हची टोपी काढली, काडीनं पिन दाबली, फुस्स आवाज येत राहिला, टायरची खालची कड हळूहळू फुगली. १८ वर आलो आणि पुन्हा ठसा घेतला. रुंदी जवळपास तेवढीच, पण लांबी चार बोटांनी वाढलेली. शिवाय मऊ झालेला टायर दगडाच्या कडेला हात टाकून धरल्यासारखा धरतो. कडक टायर त्यावरून घसरतो, उडतो. एक पैसा खर्च न करता जेवढी पकड मिळते, तेवढी पुढच्या दोन इंचांत मिळत नाही.

मात्र नियम पाळायचे. साध्या रिमवर १५ च्या खाली जायचं नाही, टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग कमी, झटक्यात वळण नाही, आणि दगडांच्या धारदार कडांपासून टायरची बाजू सांभाळायची. डांबरावर चढण्याआधी कॉम्प्रेसर लावून हवा पूर्ण भरायची, कितीही उशीर झाला असला तरी.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. उद्या रस्त्यावर कुणाला लागलं, तर विमा कंपनी टायरचं माप वाचूनच बोलायला लागेल.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या व्हिडिओत पहिल्या दहा सेकंदांतच आहे. ओढ्यात उतरायच्या आधी तू भातखाचराच्या बांधाच्या कोपऱ्यावरून गाडी घेतलीस. मड टायरच्या ठोकळ्यांनी बांधाचे दोन दगड सुटले, माती ओघळली. तू बहुतेक बघितलंही नसेल, तुझं लक्ष पुढे होतं. त्या बांधावर वरच्या खाचरातलं पाणी तोललेलं असतं. तो फुटला की रोपं वाहून जातात, आणि बांध पुन्हा घालायला ज्याचं शेत आहे तोच वाकतो. टायर जेवढा मोठा आणि रांगडा, तेवढं आपल्याला खालचं कमी जाणवतं. मला हे फार टोचलं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

तर दुकानदाराला अजून बयाणा देऊ नकोस. रविवारी सहाला माझ्याकडे ये, ३३ चेच टायर असू दे. गेज आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे. ओढ्याच्या अलीकडे हवा १८ वर आणू, मी उतरून समोर उभा राहीन, तू फक्त माझ्या हातांकडे बघून चालवायचं. तोच गोटा, डाव्या टायरखाली. निघालास तर ठीक, न निघालास तर दोर आहेच. त्यानंतरही तुला ३५ च हवे असतील, तर ब्रेक, गिअर आणि शाफ्ट यांचा खर्च कागदावर मांडायला मी स्वतः तुझ्याबरोबर बसेन.

जाताना मी फावडं आणि पहार घेतो. आधी त्या बांधाचे दगड लावू आणि ज्यांचं शेत आहे त्यांना भेटू, मग ओढ्याकडे जाऊ. येताना पायात जुने बूट घाल.

तुझा,
काका