एमएसच्या सुरुवातीला इंटरफेरॉनसोबत दर महिन्याला स्टेरॉइड घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या 24 वर्षांच्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (मेंदू आणि मणक्यातल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) निघाला, नागपूरच्या डॉक्टरांनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, आणि आता गावाकडचे डॉक्टर म्हणतात, सोबत दर महिन्याला स्टेरॉइडही देत राहू, म्हणजे अटॅक (या आजाराचा नवीन त्रास अचानक उठणं) येणारच नाही. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, आणि नऊ वर्षांपासून मलाही हाच आजार आहे. नागपूरला विचारल्याशिवाय दर महिन्याचं स्टेरॉइड सुरू करू देऊ नका, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन.

अटॅक आला तर इंटरफेरॉन चालू असतानाच स्टेरॉइड देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला दोनदा दिलंय. मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज 1 ग्रॅम, सलाइनमधून, तीन ते पाच दिवस. त्याने नसांवरची सूज लवकर उतरते, माणूस लवकर उभा राहतो. पण पुढे जाऊन किती अपंगत्व राहील, ते त्याने बदलत नाही. पुढचे अटॅक कमी करायचं काम इंटरफेरॉनचं, आणि तेही साधारण एक तृतीयांशच कमी करतं. म्हणून तर दोन्ही मिळून जास्त फायदा होतो का, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलंय.

2009 मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी मिळून एक अभ्यास केला. इंटरफेरॉनवर असूनही अटॅक आलेले 130 रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पाच दिवस 200 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यात वर्षाचे अटॅक सरासरी 0.22 झाले, बाकीच्यांत 0.59. फरक मोठा दिसतो, पण बऱ्याच जणांनी औषध मध्येच सोडलं होतं. पुढच्याच वर्षी 341 जणांवरचा मोठा अभ्यास आला, तोही तुमच्या भावासारख्या पहिल्यांदाच औषध सुरू करणाऱ्या रुग्णांवर. दर महिन्याला तीन दिवस 500 मिलिग्रॅम, असं तीन वर्षं. अटॅक कमी झाले, पण अपंगत्व वाढायचं थांबलं असं काही दिसलं नाही. म्हणूनच ही पद्धत सर्रास कुणी वापरत नाही. अटॅक थांबतच नसतील, तर आता इंटरफेरॉनपेक्षा जोरदार औषधं आहेत. डॉक्टर तिकडे वळतात.

आणि स्टेरॉइडची किंमत शरीर चुकवतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचं हाड खराब होऊ शकतं, दबलेला टीबी वर येऊ शकतो. आपल्याकडे टीबी घरोघरी आहे, म्हणून हे हलक्यावर घेऊ नका.

माझी सुरुवात डोळ्यापासून झाली. उजवा डोळा हलवला की दुखायचा, फळ्यावरचा लाल खडू मातकट दिसायचा. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या कमी ताकदीच्या गोळ्या पंधरा दिवस दिल्या. फार पुढे कळलं की डोळ्याच्या नसेच्या सुजेवर नुसत्या अशा गोळ्या द्यायच्या नसतात. 1992 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा गोळ्या घेतलेल्यांच्या डोळ्याची नस पुन्हा सुजण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं होतं. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

आता आपल्या भागातली मुख्य गोष्ट, ऊन. मागे नवतप्यात भाचीच्या लग्नाला गेले होते. दुपारी मांडवातच दिसायचं धूसर झालं, पाय ओढत चालायला लागले. घरचे म्हणाले, अटॅक आला, चला इंजेक्शन घ्यायला. मी कूलरपुढे बसले, मानेवर ओला दुपट्टा टाकला, माठातलं पाणी प्यायले. तासाभरात दिसायला लागलं, पायही सुधारले. अंग तापलं की खराब झालेल्या नसा नीट काम करत नाहीत, जुनीच लक्षणं वर येतात. नवीन अटॅक नसतो तो. ताप आला किंवा लघवीत संसर्ग झाला तरी असंच होतं. ताप नसताना, अंग थंड असताना नवीन त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला, तर मात्र लगेच नागपूरला फोन करा. हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, नाहीतर भावाला दर उन्हाळ्यात विनाकारण स्टेरॉइड टोचलं जाईल.

इंटरफेरॉनच्या रात्री थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकतं. ते कमी व्हावं म्हणून काही डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे थोडं स्टेरॉइड देतात, ते वेगळं. त्यामुळे गावच्या डॉक्टरांना आधी विचारा, तुम्ही नेमकं कशासाठी म्हणताय? माझं पॅरासिटामॉलवर भागलं. इंजेक्शन झोपायच्या आधी घ्यायचे, तीनेक महिन्यांत ताप बराच कमी झाला. लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. भाऊ गप्प गप्प राहायला लागला, जेवणावरून मन उडालं, तर तेही डॉक्टरांना सांगा, इंटरफेरॉनवर मन खचू शकतं.

आणखी एक विचारून ठेवा. 2015 मध्ये फ्रान्सच्या अभ्यासात दिसलं की अटॅकसाठी तेवढ्याच ताकदीच्या गोळ्या तोंडाने घेतल्या तरी सलाइनइतकाच गुण येतो. आम्हा खेड्यातल्यांना नागपूरची तीन दिवसांची खोली, एसटीचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं त्याने वाचू शकतं. भावाला चालेल का, ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

इंजेक्शन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रीझरला चिकटवून नाही. गोठलं तर फेकावं लागतं. आमच्याकडे लाइन गेली की मी फ्रीजचं दार उघडू देत नाही. नागपूरहून आणताना बर्फाच्या पिशवीवर आधी टॉवेल घालते, मग डबा ठेवते.