वाचकांचे प्रश्न : अक्षरे हाती, शब्द कुठे?

प्रश्न : मी एका शाळेत इंग्रजी शिकवते. आठवी-नववीच्या वर्गात अधूनमधून एक शब्दखेळ घेते. फळ्यावर दोन-तीन अक्षरे लिहायची आणि ती सर्व ज्यात येतात असा लांबात लांब शब्द मुलांनी शोधायचा, असा तो खेळ आहे. ए, टी, एन अशी अक्षरे दिली की मुले भराभर शब्द सांगतात. पण जे आणि एक्स, किंवा क्यू आणि झेड अशी जोडी दिली की सारा वर्ग अडतो. शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असल्यामुळे त्याचाही उपयोग होत नाही. या शोधाची काही पद्धत आहे का? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : पद्धत आहे, आणि ती मुलांना शिकवण्याजोगी आहे. आपण निवडलेली अक्षरे मुळातच दुर्मीळ आहेत. स्क्रॅबल या खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवले; त्या खेळाच्या शंभर सोंगट्यांत ई बारा वेळा येतो, तर जे, क्यू, एक्स आणि झेड प्रत्येकी एकदाच येतात. अशा अक्षरांचा शोध शब्दकोश चाळून लागत नाही. मात्र इंग्रजीतील बहुतेक लांब शब्द उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय एकमेकांना जोडून तयार झालेले असतात, आणि दुर्मीळ अक्षरे त्यांतल्या ठरावीक तुकड्यांतच वस्तीला असतात. म्हणून अक्षर शोधण्याऐवजी ते अक्षर ज्यात हमखास सापडते तो तुकडा आठवावा आणि त्याला पुढेमागे जोड देत जावे.

जे हे अक्षर घ्या. ते लॅटिनमधून आलेल्या ‘जेक्ट’ या तुकड्यात आहे, म्हणजे ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, प्रोजेक्ट, इंजेक्ट. यांतील ऑब्जेक्टला प्रत्यय लावत गेले की ‘ऑब्जेक्टिफिकेशन’ हा पंधरा अक्षरांचा शब्द मिळतो. न्यायाशी संबंधित ‘ज्युरिस’ या तुकड्यातून ‘ज्युरिसडिक्शन’ हा बारा अक्षरांचा शब्द मिळतो. एक्स मुख्यतः ‘एक्स’ या उपसर्गात, शिवाय टॉक्सिक, ऑक्साइड, मॅक्सिमम यांच्या कुळात असतो. ‘डीटॉक्सिफिकेशन’मध्ये चौदा अक्षरे आहेत. जे आणि एक्स दोन्ही हवे असतील तर लॅटिनमधील ‘जक्स्टा’, म्हणजे जवळ, हा तुकडा लक्षात ठेवावा. त्यापासून बनलेला ‘जक्स्टापोझिशन’ हा तेरा अक्षरांचा शब्द अशा खेळात फार उपयोगी पडतो.

क्यू आणि झेडची जोडी तर या रीतीचा उत्तम नमुना आहे. झेडचे मोठे घर म्हणजे ‘आइझ’ आणि ‘आयझेशन’ हे शेवटचे प्रत्यय. तेव्हा आधी क्यू असलेले छोटे शब्द कागदावर लिहावेत आणि त्यांतल्या कोणाला हा प्रत्यय लागतो ते पाहावे. इक्वलपासून ‘इक्वलायझेशन’ हा बारा अक्षरांचा, तर ट्रँक्विलपासून ‘ट्रँक्विलायझेशन’ हा पंधरा अक्षरांचा शब्द होतो. येथे एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळणाने हे प्रत्यय एस वापरून लिहितात, आणि तसे लिहिले की झेड नाहीसाच होतो. ऑक्सफर्डचे कोश मात्र स्वतः झेडलाच पहिली पसंती देतात. म्हणून कोणता कोश प्रमाण मानायचा हे खेळाच्या आधी ठरवावे. नाहीतर वाद होणारच.

डब्ल्यू आणि के यांचा स्वभाव निराळा आहे. ही अक्षरे बहुधा जुन्या इंग्रजीच्या घरच्या शब्दांत असतात, आणि त्या शब्दांना ‘आयझेशन’सारखी शेपटी क्वचितच शोभते. त्यांना नेस, शिप, एबल असे प्रत्यय लावावेत किंवा दोन शब्द जोडावेत : ऑकवर्डनेस, वर्कमनशिप, नॉलेजेबल. या तिन्हींत डब्ल्यू आणि के दोन्ही आहेत. वाय आणि पीएच यांच्यासाठी ग्रीक मुळांकडे जावे. ‘फिजिओथेरपी’ हा तेरा अक्षरांचा शब्द तर मुलांनी गल्लीतल्या पाटीवर पाहिलेला असतो. क्यूनंतर यू नसलेला शब्द हवा असेल तर अरबी-फारसीकडून आलेले शब्द आठवावेत. बुरखा, नकाब, कव्वाली हे शब्द इंग्रजी कोशांत क्यू घालून, पण त्या क्यूनंतर यू न ठेवता लिहिलेले सापडतात.

मराठी मुलांची खरी अडचण आणखी एका ठिकाणी होते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली लिपी उच्चाराला बऱ्याच अंशी धरून चालते, त्यामुळे मुले अक्षर कानाने शोधतात. जे दिला की जनरल, जिऑग्रफी हे शब्द सुचतात, आणि त्यांत जी असतो. एज्युकेशनमध्ये तर ज ऐकू येतो तिथे डी लिहिलेला असतो. झेड दिला की म्यूझिक सुचते, आणि त्यात एस निघतो. एक्झॅममधला झ ऐकू येतो, पण लिहिताना तिथे एक्स असतो. म्हणून हा खेळ तोंडी घेऊ नये. प्रत्येकाने शब्द पूर्ण स्पेलिंगसह पाटीवर किंवा वहीत लिहावा आणि दिलेल्या अक्षरांभोवती गोल करून दाखवावा, असा नियम ठेवा. त्याबरोबर अर्थही विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना केवळ शब्दयादी पाठ करून २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. तो पराक्रम विलक्षणच आहे, पण शाळेतील तासाचा हेतू वेगळा असतो.

प्रश्न : पाचही इंग्रजी स्वर असलेले शब्द झटकन कसे सुचतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटाकडून सुरुवात करावी. ‘एशन’ या प्रत्ययात ए, आय आणि ओ आयतेच मिळतात. मग मागे ई आणि यू असलेला तुकडा तेवढा शोधायचा उरतो. एज्युकेशन, रेग्युलेशन, रेप्युटेशन हे असेच हाती लागतात. ‘इअस’ या शेवटात आय, ओ, यू त्याच क्रमाने येतात. त्याच्या आधी ए आणि ई आले की ‘फसीशस’ (थट्टेखोर) आणि ‘ॲबस्टीमिअस’ (खाण्यापिण्यात संयमी) हे शब्द होतात. त्यांत पाचही स्वर वर्णक्रमाने आणि एकेकदाच आले आहेत. नेमका उलटा क्रम हवा असेल तर तो आपल्या उपखंडाच्या विशेषणात, ‘सबकॉन्टिनेंटल’मध्ये आहे. आणि एकही अक्षर दोनदा न येणारा लांब शब्द म्हणजे पंधरा अक्षरांचा ‘अनकॉपीराइटेबल’. त्यात पाच स्वर तर आहेतच, शिवाय वायही आहे.

प्रश्न : हे काम संगणकाकडून करून घेता येईल का? – एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : सहज करून घेता येईल. शब्दांची साधी यादी स्प्रेडशीटच्या एका स्तंभात घ्यावी, शेजारच्या स्तंभात ‘लेन’ या सूत्राने प्रत्येक शब्दाची लांबी काढावी, हव्या त्या अक्षरांसाठी एकामागून एक गाळणी लावावी आणि उरलेले शब्द लांबीच्या उतरत्या क्रमाने लावावेत. लिनक्स किंवा मॅक वापरत असल्यास केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा गाळणीचे काम क्षणात करते. मात्र यादी कोणती आहे हे तपासावे. मॅकसोबत येणारी सव्वादोन लाखांहून अधिक शब्दांची यादी १९३४ च्या वेबस्टर कोशावरून घेतलेली आहे. तिच्यात आज कोणी न वापरणारे असंख्य शब्द आहेत आणि अलीकडचे पुष्कळसे नाहीत. तिने दिलेला शब्द हाताशी असलेल्या कोशात पाहूनच स्वीकारावा.

प्रश्न : इंग्रजी कोशातील सर्वांत लांब शब्द अशा खेळात चालेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तो शब्द ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हा आहे. सिलिकाच्या अतिसूक्ष्म धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराचे ते नाव आहे, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेतील कोडेप्रेमींनी लांबीसाठीच ते मुद्दाम घडवले. नियमाने तो चालेल. पण त्याच्या ४५ अक्षरांत वेगवेगळी अक्षरे केवळ १४ आहेत, आणि जे, के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांपैकी एकही त्यात नाही.