मे महिन्यात ग्वाल्हेरला जाताना

ग्वाल्हेरची टूर लागलीये ना, मग ऐक. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी लू सुटते. हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी वाळतो, अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. तहान लागायची वाट बघू नकोस. जवळच्या मालनपूर-बानमोर औद्योगिक भागातले कारखाने सकाळी ११ च्या आत उरक. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कानाला गमछा, बॅगेत ओआरएस. टाय घरीच राहू दे, तिथे कुणी विचारत नाही.

हॉटेलच्या जेवणाची फार आशा धरू नकोस. पनीर सांग नाहीतर मिक्स व्हेज, ग्रेव्ही एकच: लाल, गोडसर, वर तेलाचा तवंग. रात्री सरळ दहीभात मागव. खरी मजा सकाळी. नया बाजारात गरम कचोरी, बेडई-भाजी आणि बहादुरा मिठाईवाल्याचे तुपातले बुंदीचे लाडू. बेडई म्हणजे उडदाची डाळ भरलेली पुरी, दोनच्या वर खाल्ल्यास तर मीटिंगमध्ये पेंगशील. आणि लष्कर नावाच्या तिथल्या जुन्या भागात कुणी मराठी ओळखीचं निघालं, जेवायला बोलावलं, तर आढेवेढे घेऊ नकोस. वरणभात मिळेल, नशीब असेल तर पन्हंही.