‘वासना’ची शिवी कोणी केली?

प्रश्न असा आलाय: "मी युरोपियन आर्ट फिल्म्समधल्या बायकांवर लेख लिहितेय, बर्गमन, बुन्युएल, हानेके, शाँताल आकर्मान वगैरे. फीमेल डिझायरला मराठीत काय म्हणू? मी ‘स्त्रीची वासना’ लिहिलं तर संपादक म्हणाले घाण वाटतं, ‘कामेच्छा’ करा. आणि इंटिमसीला जवळीक चालेल की आत्मीयता?"

संपादकांचं ऐकू नका. वासनाच लिहा.

‘कामेच्छा’ हा दवाखान्यातला शब्द आहे, त्याच्या आधी नाहीतर नंतर ‘कमी होणे’ येतंच, आणि पुढे गोळीचं नाव. ‘इच्छा’ चहाचीही होते. ‘कामुक’ हे बघणाऱ्याला काय वाटलं त्याचं वर्णन आहे, पडद्यावरच्या बाईचं नाही. आणि ‘बोल्ड’... गेली कितीतरी वर्षं बाई सिनेमात स्वतःहून कोणाकडे नुसती वळली तरी आपले परीक्षणवाले ‘बोल्ड’ लिहून मोकळे होतात, तिला काय हवं होतं, मिळालं का, ती रात्री परत एकटीच झोपली का, यातलं काहीच त्या शब्दात येत नाही.

पण खरा राग मला बातम्यांचा येतो. ‘वासनांध नराधम’, ‘वासनेची शिकार’, ‘वासनेला बळी पडली’. अहो, तो अत्याचार आहे, बळजबरी आहे, गुन्हा आहे. तिथे ‘वासना’ लिहिलं की दोन नुकसानं होतात, एक म्हणजे हिंसेला इच्छेचं नाव मिळतं, जणू त्या माणसाला काहीतरी अनावर झालं आणि घडलं, आणि दुसरं म्हणजे एक फार जुना, फार हळुवार शब्द पोलीस डायरीत जाऊन पडतो आणि मग तुमच्या संपादकांना तो घाण वाटतो. रोज तोच तोच वापर कानावर पडतो आणि रोज मला तितकाच त्रास होतो.

आता शब्दाकडे येते. ‘वास’ला मराठीत दोन अर्थ आहेत, राहणं आणि गंध. बरेच प्रवचनकार आणि काही कोशप्रेमी मंडळी ‘वासना म्हणजे मनात वास करून राहिलेली ती’ असं सांगून पुढे जातात. व्याकरणाने ते बसतं, मी नाही म्हणत नाही, पण नुसतं धातूवर बोट ठेवून शब्द कळत नाही, ज्यांनी तो वापरला त्यांनी उपमा कुठली दिली ते बघावं लागतं. बौद्धांच्या योगाचार नावाच्या परंपरेत, आचार्य असंगाच्या ‘महायानसंग्रह’ या ग्रंथात, वासना समजावताना घर आणि भाडेकरू येत नाहीत. तीळ आणि फूल येतं. फुलांच्या संगतीत ठेवलेले तीळ फुलांसारखा वास द्यायला लागतात, तसं चित्ताचं होतं.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाहीये, अत्तर-फुलेल म्हणतो ना आपण, त्यातलं फुलेल असंच करायचे. सोललेले तीळ पसरायचे, वर मोगऱ्याचा नाहीतर जाई-चमेलीचा थर, रात्रभर ठेवायचं, सकाळी मलूल झालेली फुलं काढून टाकायची आणि पुन्हा ताजी घालायची, असं कितीतरी दिवस. मग तीळ घाण्यात. म्हणजे बघा, घाण्यात फूल जातच नाही! फूल केव्हाच फेकलेलं असतं. तेलाला वास मात्र त्याचाच. संस्कृतात या वास देण्यालाही ‘वासन’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘वासाचं तेल’ म्हणतात ते हेच. वासना म्हणजे जे निघून गेलं त्याचा आत मुरलेला वास. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कैवल्यपादातही चित्त असंख्य वासनांनी ‘चित्र’, म्हणजे रंगीबेरंगी झालेलं आहे, असं येतं. शिवी कुठेय यात?

आणि हा अर्थ मराठीतून गेला असं कोणी म्हणत असेल तर त्याने दहाव्याच्या दिवशी घाटावर जाऊन उभं राहावं. माझ्या आजीच्या पिंडाला कावळा शिवेना. उन्हं चढली. "वासना कशात तरी अडकलीय," असं गुरुजीच म्हणाले, सगळ्यांसमोर, पोराबाळांसमोर, आणि कोणालाही त्यात घाण वाटली नाही. मग एकेकजण पुढे होऊन सांगायला लागला, धाकटीचं लग्न करू, जमिनीचा वाद मिटवू. काही नाही. शेवटी आत्या म्हणाली, आई, तुझ्या माहेरच्या घरी मी जाऊन चार दिवस राहून येईन. आजीला पन्नासेक वर्षांत तिथे जाता आलं नव्हतं आणि तिने कोणाला ते कधी म्हटलंही नव्हतं, आत्याला तेवढं माहीत होतं. कावळा आला. तो कशाने आला यावर मला वाद घालायचा नाही, मला शब्द दाखवायचाय. एका बाईची, न बोललेली, आयुष्यभर आत मुरलेली इच्छा, तिला मराठीत वासना म्हणतात आणि गुरुजीसुद्धा म्हणतात.

हाच शब्द घेऊन आता तुमच्या फिल्म्स बघा. हानेकेची ‘द पियानो टीचर’, २००१ची, नायिका इझाबेल युपेर. व्हिएन्नातली एरिका, पियानोवर शूबर्टचं संगीत शिकवणारी कडक बाई, या वयातही आईच्या शेजारी झोपणारी. एक दिवस ती पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत अश्लील व्हिडिओच्या केबिनमध्ये जाते, दार लावते, पडद्यावर काय चाललंय ते बघता बघता टोपलीतला आधीच्या माणसाने टाकलेला कागदी रुमाल उचलते आणि नाकाला लावते. लोक या सीनला विकृत म्हणतात आणि थांबतात. मला तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, कारण माणूस निघून गेलाय, कोण होता माहीत नाही, राहिलाय तो फक्त वास, आणि ही तेवढ्यावर बसलीय. एकटेपणा आणि इच्छा इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ‘कामेच्छा’ लिहून दाखवा इथे! वासना, अगदी तिळातल्या अर्थाने, तंतोतंत बसते.

बर्गमनच्या ‘द सायलेन्स’वर (१९६३) तर माझं नेहमी भांडण होतं. दोन बहिणी, परक्या देशातलं हॉटेल, तिथली भाषा कोणालाच येत नाही, कारण बर्गमनने ती बनवलेलीच आहे. धाकटी अ‍ॅना बाहेर जाते, कॅफेतला वेटर गाठते. थोरली एस्टर आजारी, खोलीत, आणि व्यवसायाने भाषांतरकार. जाणकार म्हणवणारे लिहितात, अ‍ॅना म्हणजे शरीर आणि एस्टर म्हणजे बुद्धी, अ‍ॅनाला वासना आहे आणि एस्टरला नाही. साफ चूक. एस्टर शेवटाकडे काय बोलते ऐका, ती वासाबद्दल बोलते! पुरुषाच्या वासाची, स्वतःच्या शरीराला आलेल्या वासाची किळस सांगते. ज्या बाईला इतक्या वर्षांनंतरही तो वास जसाच्या तसा आठवतो तिला वासना नाही हे कुठलं वाचन? अ‍ॅना तरी करून मोकळी होते, तिला तर त्या वेटरची भाषा कळत नाही हेच बरं वाटतं. अडकलेली एस्टर आहे. आणि अ‍ॅनाचा मुलगा निघताना एस्टर त्याच्या हातात ठेवते काय, तर कागदावर लिहिलेले त्या परक्या भाषेतले शब्द.

आकर्मानच्या १९७४च्या ‘ज्यु तु इल एल’मध्ये आकर्मान स्वतःच रिकाम्या खोलीत बसून कागदी पिशवीतली साखर चमच्याने खाते, पत्रं लिहिते आणि पुन्हा साखर खाते. आमच्याकडे ‘तिची वासना गोडावर आहे’ म्हणतात, बस.

बुन्युएलच्या ‘बेल द जूर’बद्दल (१९६७) एकच सांगते, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. नायिका सेवेरिन दुपारी दोन ते पाच एका कुंटणखान्यात कामाला येते म्हणून तिला ते नाव मिळतं, दिवसाची सुंदरी. पण फ्रेंचमध्ये बेल द जूर हे दिवसा उमलणारं एक फूलसुद्धा आहे, आणि त्याचं जोडफूल बेल द नुइ, रात्रीची सुंदरी, जे वेश्येलाही म्हणतात. आता हे बेल द नुइ फूल कुठलं, तर आपली गुलबक्षी! फारसीतला गुल-ए-अब्बास, त्याचा गुलबास, गुलबक्षी. कुंपणाजवळ संध्याकाळी उमलणारी, आईने वेणीत ओवलेली गुलबक्षी तिकडे पॅरिसमध्ये हा अर्थ घेऊन उभी आहे, आणि मराठीत मात्र त्या फुलाला कोणी काही चिकटवलं नाही याचा मला आनंद वाटतो.

बरं, संपादकांना संस्कृतचा आधार हवा असेल तर तोही आहे आणि तो थेट प्रेक्षकांबद्दल आहे. चौदाव्या शतकातला विश्वनाथ, त्याचा काव्यशास्त्राचा ग्रंथ साहित्यदर्पण: "न जायते तदास्वादो विना रत्यादिवासनाम्". रती वगैरेंची वासना आत असल्याशिवाय रसाचा आस्वाद होतच नाही. नाहीतर कर्मठ श्रोत्रियांना, म्हणजे वेदपाठ्यांना, आणि वेदवाक्यांचा कीस काढणाऱ्या म्हाताऱ्या मीमांसकांनाही तो झाला असता, असंही तो स्पष्टीकरणात म्हणतो. आणि पुढे दुसऱ्याचा श्लोक देतो की ज्यांना वासना नाही ते नाट्यगृहात लाकूड, भिंत आणि दगडासारखे, "काष्ठकुड्याश्मसन्निभाः". म्हणजे आपल्याकडे वासना ही सिनेमा बघायला लागणारी पात्रता आहे, तीच नसेल तर एरिकाचा तो रुमाल दिसून काय उपयोग?

कोणीतरी नक्की म्हणेल की मराठीत बाईच्या इच्छेला चांगला शब्द आहेच, डोहाळे. आहे, आणि सुंदर आहे. संस्कृत दोहद, आणि सुश्रुत गर्भिणीला दोन हृदयांची म्हणून ‘दौहृदिनी’ म्हणतो. बाईला काय हवंय ते विचारायचं, द्यायचं, त्याचं जेवण करायचं, गाणी म्हणायची, इतकं कौतुक दुसऱ्या कुठल्या इच्छेचं होत नाही. पण ते पोटात दुसरं हृदय असेपर्यंतच. एकच हृदय असलेल्या बाईला काय हवंय, त्याला जेवण नाही आणि गाणंही नाही. तुमच्या फिल्म्समधल्या सगळ्या बायका एका हृदयाच्या आहेत, त्यामुळे डोहाळे तिथे चालायचा नाही.

इंटिमसीला जवळीक लिहा. आत्मीयता शोकसंदेशात असते आणि सत्काराच्या भाषणात. दिग्दर्शक पात्रीस शेरोची २००१ची फिल्म ‘इंटिमसी’च नावाची आहे, त्यात लंडनमधले दोघं दर बुधवारी दुपारी भेटतात, कपडे उतरवतात आणि एकमेकांबद्दल काही विचारत नाहीत. तिथे जवळीक आहे, आत्मीयता आहे का हाच तर त्या फिल्मचा प्रश्न आहे, त्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

आणि ‘वासना’ लिहाल तेव्हा क्रियापद सांभाळा. ‘वासना शमवणे’, ‘वासना भागवणे’ ही क्राइम पानाची क्रियापदं आहेत. बोलीत वासना असते, एखाद्या गोष्टीत राहते, अडकते, कधी सुटते. एरिकासाठी ‘अडकते’ घ्या. अ‍ॅनासाठी ‘सुटते’ घ्यावंसं वाटेल, पण घेऊ नका, शेवटी ट्रेनमध्ये ती खिडकी उघडून पावसात तोंड ओलं करते तो सीन आधी परत बघा.